मुगाचा दाणा

रेडकरबाई दार उघडत तेव्हा त्यांची नजर आधी पाहुण्याच्या पावलांवर जात असे. चेहऱ्याची पाळी त्यानंतर येई. समोर कुरिअरवाला असो किंवा वरच्या मजल्यावरची नवी सून, बाईंच्या लेखी फरक नव्हता. "उजवी चप्पल बाहेरच्या कडेला झिजलीये तुमची. कंबर दुखते का?" असे काहीतरी विचारून झाल्यावरच त्या आत घेत. आतल्या खाटेवरून त्यांची थोरली बहीण, माई, आवाज देई, "सुशे, माणसाला आधी बसू दे गं. पाय कुठे पळून जात नाहीत."

रेडकरबाई आणि मी कल्याणच्या एका शाळेत अनेक वर्षे एकत्र होतो. मी गणित शिकवीत असे, त्या शारीरिक शिक्षण. वयाने मोठ्या असल्याने त्या मला 'नीला' म्हणत आणि मी त्यांना नुसते 'बाई'. निवृत्तीनंतर ठाकुर्लीच्या त्यांच्या दोन खोल्यांत एक निराळीच शाळा भरू लागली. नर्मदेची परिक्रमा पायी करू इच्छिणारी माणसे तिथे तयारीसाठी येत. नदीला उजव्या हाताला ठेवून, ती मध्ये कुठेही न ओलांडता, तिच्याभोवती संपूर्ण वळसा घालायचा, म्हणजे काही महिन्यांची चाल. भक्ती प्रत्येकाने घरून आणलेली असे. बाई उरलेल्या गोष्टी पाहत.

त्या स्वतः परिक्रमेला कधीच गेल्या नव्हत्या. माईंचे एक अंग लुळे पडलेले होते आणि त्यांचे उठवणे-बसवणे बाईंकडे होते. ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. बाईही ती लपवीत नसत. "मी जाणार आहे. फक्त माझी पाळी यायचीये," एवढेच त्या म्हणत. एकदा माई खाटेवरून म्हणाल्या, "म्हणजे मी केव्हा आटपते त्याची वाट बघत्येस." बाईंनी त्यांची उशी सारखी केली आणि उत्तर दिले, "सावकाश आटप. मला अजून मोजे मिळाले नाहीत मनासारखे."

न जाता त्यांना इतके कसे कळत असे, याचे उत्तर त्यांच्या पद्धतीत होते. त्यांच्याकडे शिकणाऱ्याला एकच अट असे. परिक्रमा पूर्ण झाली की सॅक घेऊन पुन्हा यायचे आणि वाटेत जे एकदाही वापरले नाही, ते त्यांच्या सतरंजीवर मांडायचे. त्या सतरंजीवर मी घडीची खुर्ची पाहिली आहे, चिवड्याचा न उघडलेला डबा पाहिला आहे. एका सद्‌गृहस्थांनी तर कडक इस्त्रीचा झब्बा मांडला होता.

"हा कशाला नेलात?" बाईंनी विचारले.

"समाप्तीच्या पूजेला घालायला."

"मग घातलात का नाही?"

गृहस्थ म्हणाले, "तेव्हा अंगावर होता तोच बरा वाटला."

बाईंनी मान हलवली. पुढच्या प्रत्येक सॅकमधून इस्त्रीचा कपडा बाहेर निघाला.

दाराच्या चौकटीला त्यांनी आकड्याचा ताणकाटा टांगला होता. सॅक त्याला अडकवायची आणि ती आपल्या वजनाच्या दहाव्या भागाहून जड भरली, तर उघडून पुन्हा लावायची. काय ठेवायचे हे त्या सांगत नसत, एकेक वस्तू वर धरून "ही नसली तर काय होईल?" एवढाच प्रश्न विचारीत. दोन जोड कपडे पुरत, परंतु ते रात्री धुऊन सकाळी घालून पाहिलेले हवेत. ओलसर राहिलेला कपडा बाद. सॅकच्या आत मोठी प्लास्टिकची पिशवी आणि सगळे सामान त्या पिशवीत, कारण बाहेरचे आवरण मुसळधार सरीत उपयोगी पडत नाही. अंथरायला हलकी चटई, पांघरायला एक घोंगडी, विजेरी, सेफ्टी पिना, मीठ-साखरेच्या पुड्या. जेवण आश्रमांतून आणि गावांतून मिळते, तेव्हा फराळ म्हणजे नुसते ओझे. संकल्पाच्या वेळी नदीचे पाणी भरून घ्यायची कुपी मात्र लहान आणि फिरकीच्या झाकणाची हवी, कारण ते पाणी शेवटपर्यंत सांभाळायचे असते.

पण त्यांचा खरा विषय पाय हाच होता. नखे सरळ रेषेत कापायची, कोपरे गोल करायचे नाहीत. आत पातळ मोजा, बाहेर जाड. पातळ मोजा उलटा घालायचा, म्हणजे शिवण बोटांना लागत नाही. भेगांना रात्री कोकमाचे तेल. ते त्यांच्या सावंतवाडीकडच्या भाचीकडून येई आणि खोलीभर त्याचा वास असे. कारखान्यातून निवृत्त झालेले जाधव एकदा नवे कोरे बूट दाखवायला आले.

"एकदम भारीतले घेतलेत, बाई. दुकानदार बोलला, घातले की चालू पडायचं."

"दुकानदार येणार आहे का बरोबर?"

"नाही, तो कशाला येतोय."

"मग महिनाभर हेच घालून भाजी आणायला जा. बूट इथे रुळवायचे. तिकडे पाय रुळवायला वेळ पुरत नाही. आणि पुढे बोटभर जागा आहे का बघा. दुपारी पाय फुगतो."

"बायको हसेल. भाजीला बूट घालून."

"हसू दे. तिला माझ्याकडे पाठवा, दोघी मिळून हसू."

रविवारी सकाळी सराव असे. ठाकुर्लीहून निघून, कल्याण ओलांडून, शहाडला उल्हास नदीच्या काठापर्यंत भरल्या सॅकनिशी चालायचे. निघण्यापूर्वी सगळे आत चहा घेत असताना बाई बाहेर जात आणि दारातल्या प्रत्येकाच्या एका बुटात अख्ख्या मुगाचा एक दाणा टाकीत. पहिल्या खेपेला हे कुणाला सांगितलेले नसे. त्यांना एवढेच पाहायचे असे, की माणूस टोचताक्षणी थांबतो की नाही. बहुतेक जण थांबत नसत. शहाडला पोचल्यावर जाधवांनी बूट काढला तेव्हा करंगळीखाली लालभडक झाले होते.

"टोचत होतं हो केव्हापासून," ते म्हणाले, "पण सगळे चालतायत, आपण एकट्याने कसं बसायचं मध्येच?"

"फोड फुटल्यावर सगळ्यांना तुमच्यासाठी बसावं लागेल. ते चालेल?" मग त्यांनी नियम सांगितला. तो त्या प्रत्येकाला सांगत: "जो थांबत नाही, तो जात नाही." पुढच्या रविवारी पुन्हा दाणा असे. जाधव तिसऱ्या खेपेला कल्याणच्या भर चौकात, रिक्षांच्या रांगेसमोर, फुटपाथवर बसून बूट झटकू लागले, तेव्हा बाईंनी त्यांना परवानगी दिली. मधुमेह असणाऱ्यांना मात्र त्या आधी डॉक्टरांकडून पाय तपासून आणायला लावीत आणि त्यानंतरच सरावाला घेत.

एका पावसाळ्याच्या अखेरीस माई गेल्या. महिना-दीड महिना बाईंनी कुणालाही घरी बोलावले नाही. मग एके दिवशी त्यांचा फोन आला. "नीला, माझी पाळी आली. येतेस?" मी कधी परिक्रमेचा विचार केला नव्हता, पण त्या आवाजाला नाही म्हणणे मला जमले नाही. यंदाच निघायचे ठरले. बाईंची सॅक पहिल्याच खेपेला काट्यावर बरोबर भरली. मनासारखे मोजेही मिळाले होते.

त्यांना स्वतःला बरीच वर्षे मधुमेह होता. मी डॉक्टरांची आठवण करून दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "साखर आटोक्यात आहे माझी. रविवारी दाणा घाल, म्हणजे झालं. मला सूट नको." म्हणून त्या रविवारी मी त्यांच्या डाव्या बुटात दाणा टाकला आणि त्यांनी माझ्या बुटात.

मला रेल्वेचा पूल येण्यापूर्वीच टोचू लागले. मी कठड्याला टेकून दाणा काढला. बाई पुढे चालत होत्या. त्या दिवशी त्या फार खुशीत होत्या. पहाटे किती वाजता निघायचे, माझ्या घोरण्याचा काय बंदोबस्त करायचा, हे बोलत होत्या. मी त्यांच्या डाव्या पावलाकडे पाहत होते. कल्याण मागे पडले. आता थांबतील, त्या वळणावर थांबतील, असे मी मनाशी म्हणत राहिले. शेवटी न राहवून म्हटले, "बाई, जरा बसूया का?" "आत्ताच दमलीस?" म्हणून त्यांनी वेग वाढवला.

शहाडला काठावरच्या दगडावर बसून त्या म्हणाल्या, "दाणा घालायला विसरलीस तू. गणिताच्या बाईंकडून ही अपेक्षा नव्हती."

मी त्यांचा डावा बूट काढला, मग मोजे. अंगठ्याच्या मुळाशी मूग जाड मोज्याला चिकटला होता. पातळ मोज्यावर रक्ताचा डाग होता आणि खालची कातडी सोलवटून निघाली होती. मी रुमालाच्या कडेने जखमेशेजारी दाबले. बाई माझ्या हाताकडे पाहत होत्या, दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तशा.

"दाबत्येस का?" त्यांनी विचारले.

"हो."

त्यांनी नदीकडे पाहिले. मग वर्गात एखाद्याला उभे करावे त्या आवाजात म्हणाल्या, "नियम काय आहे?"

"बाई, आपण आधी डॉक्टरांना—"

"डॉक्टरांकडे उद्या जाऊच. नियम काय आहे?"

"जो थांबत नाही, तो जात नाही."

"बरोबर." त्यांनी मोजा माझ्या हातातून घेतला, त्यावरचा दाणा नखाने सुटा करून पाण्यात टाकला. "तू थांबलीस. तू जा."

डॉक्टरांनी तेच सांगितले: पायांची जाणीव बरीच गेली आहे, लांबची चाल अजिबात नको. मी जाणे रद्द करायला निघाले होते. बाईंनी ऐकून घेतले नाही. निदान तुमची कुपी तरी माझ्याबरोबर द्या, तुमच्या नावाने पाणी नेते, असे मी विनवले. "माझ्या नावाने काही नेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "उगाच वजन होतं." रिकाम्या झालेल्या रविवारी त्यांनी आपल्या सॅकमधली प्रत्येक वस्तू ज्याला लागेल त्याला दिली. मोजे मला मिळाले.

परिक्रमा करून मी परत आले आणि सॅक घेऊन ठाकुर्लीला गेले. दारात बाईंनी आधी माझ्या पायांकडे पाहिले. खाली बसवून एकेक बोट दाबून पाहिले, टाचा पाहिल्या. "नखं नीट कापलीस," असा शेरा दिला. सतरंजीवर मांडायला माझ्याकडे फक्त एक शिट्टी आणि पॉवर बँक निघाली, त्याबद्दल त्या समाधानी दिसल्या. मग मी कुपी पुढे केली. त्यांनी तळहातावर थोडे पाणी घेतले, प्राशन केले, आणि इतक्या वर्षांत कुणालाही न विचारलेला प्रश्न विचारला.

"पहाटे त्यात पाय टाकला, की कसं वाटतं गं?"

मी नीट आठवून सांगितले. "आधी काहीच कळत नाही, बाई. पाय आहेत की नाहीत, तेही नाही. मग हळूहळू कळायला लागतं."

"अस्सं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "म्हणजे अर्धं मला ठाऊक आहे."

त्यांना जाऊन आता वर्ष होत आले. रविवारी मी अजूनही शहाडपर्यंत चालते. निघण्यापूर्वी बूट उलटा करून झटकते. त्यातून काहीच पडत नाही, आणि दर वेळी मी क्षणभर वाट पाहते.