काकाची चाल

अख्ख्या चांदा जिल्ह्यात माझ्या काकाइतकी देखणी बाई झाली नाही, होणारही नाही. काका म्हणजे बाबांचा चुलत भाऊ. सहा फूट उंच, बिनलग्नाचा, धानाचं पोतं एकटा उचलणारा. पण दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव दंडारी व्हायच्या, ढोलकीवर रात्रभर चालणारे नाचगाण्याचे खेळ, त्यात बायांचं काम गडीच करायचे, आणि आमच्या गावच्या दंडारीत राणी, सून, सवत, सगळं काकाच. दसऱ्याला मिशी उतरली की तो नांगराच्या बैलांशीसुद्धा लाजून बोलायचा. बाजारात लुगडी अंगाला लावून बघायचा आणि दुकानदाराला खुशाल सांगायचा, "हा रंग मले उठून नाई दिसत." एकदा पहाटेच्या धुक्यात आम्ही मोहफुलं वेचत होतो. सगळीकडे तो गोड, गुंगवणारा वास. समोरून अस्वल आलं. मी किंचाळणार तोच काकाने गालावर हात ठेवून दंडारीतल्या आवाजात "अगं बाई!" केलं आणि अस्वल खरोखर मागे फिरलं. "शहाणं होतं बिचारं, परक्या बाईपुढे थांबलं नाई," असं तो वर्षभर सांगत होता.

मी मात्र सगळी उलटी. तेराव्या वर्षी ढांगा टाकत चालायची, झाडावर बसून पुस्तक वाचायची. गुरुजी म्हणाले होते, हिला पुढे मूल गावच्या मोठ्या शाळेत घाला. मला स्वप्नातसुद्धा मूल दिसायचं, न पाहिलेलं, धुक्यातलं. तेवढ्यात मला पाहायला पाहुणे येणार असं ठरलं. आईने कपाळाला हात लावला. "पोरगी हायेस का गडी? भाऊजी, हिले जरा बाईसारखं चालाले शिकवा!" यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. बाईपणाची शिकवणी काकाशिवाय घेणार कोण?

आठ दिवस खळ्यावर शिकवणी झाली. तीन पावलं, थांबायचं, पदर, मग नजर. मी रडकुंडीला आले. म्हटलं, "काका, मले शाळेत जायाचं हाये. लगीन नाई करायचं." तो बराच वेळ भादरलेल्या ओठावरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी सांगतो तशी चाल त खरी."

पाहुणे आले. मी पानाचं तबक घेऊन तीन पावलं टाकली, थांबले, पदर सावरला आणि नवरदेवाच्या बापावर अशी नजर टाकली की पाहुण्यांतला कोपऱ्यात बसलेला म्हातारा मांडीवर ठेका धरू लागला. नवरदेवाचा बाप ताडकन उठला. "हे त दंडारीतली राणी हाये! आमाले सून पायजे, नाचणारीण नाई!"

बोभाटा असा झाला की दोन वर्षं आमच्या दारात सोयरीक फिरकली नाही. घरी बसवून काय करायचं म्हणून मला मूलला पाठवायचं ठरलं. पण बाबांचा राग काकावर निघाला. त्यांनी त्याला गळ्याची शपथ घातली, पुन्हा दंडारीत उभं राहायचं नाही. काकाने मान डोलावली आणि मिशी राखली. आम्हा कुणाला तिच्याकडे बघवत नसे.

मूलला मला त्यानेच बैलगाडीतून नेलं. वाटेत मी विचारलं, "काका, तुमाले साधी चाल नव्हती येत का?"

"येत नाई कशी? बायका कशा चालतेत, मी जन्मभर पाहून राह्यलो. पण ते तुले शिकवलं असतं त तू सरळ त्यायच्या घरी चालत गेली असती."

शाळेच्या फाटकाशी उतरले आणि ढांगा टाकत निघाले. वळून पाहिलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून काकाने खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला, तीन पावलं टाकली आणि थांबला. एवढ्या मोठ्या मिशीचा माणूस, आणि काय सुंदर दिसत होता! तो ढोलकीची वाट बघत होता. ती काही वाजली नाही. मग दुपट्टा खाली ओढून तो गाडीवर चढला. मी तेव्हा निदान टाळी तरी वाजवायला हवी होती.