आकारामचा बेलभंडारा

आमच्या गावात दोन पक्ष आहेत, आणि ते निवडणुकीतले नव्हेत. एक निळ्या पिकअपवाल्यांचा, दुसरा पांढऱ्यांचा. कंपन्यांची नावं मी घेत नाही, गावातही कुणी घेत नाही. निळी म्हटलं की कळतं. सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी दारातली गाडी बघणारी माणसं आहेत आमच्याकडे. उंब्रजच्या फाट्यावर माझं गॅरेज आहे. दोन्हीकडच्या गाड्या माझ्याकडे येतात आणि दोन्हींच्या क्लचप्लेटा मी एकाच दुकानातून आणतो. पण हे बोलायची सोय नाही.

निळ्यांचा म्होरक्या आकाराम. सैन्यात ड्रायव्हर होता. पेन्शनवर गावी आला, निळी पिकअप घेतली आणि गावचं आलं वाशीच्या मार्केटला न्यायला लागला. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, आणि एका गोष्टीत ठार वेडा. भाच्याच्या लग्नात वऱ्हाडाला पांढरी गाडी आली, तर हा बाबा मेढ्यापर्यंत एसटीत उभा राहून गेला.

त्याची बायको लीलाबाई. गॅरेजवर आली की हसत सांगायची, "सकाळी उठलं की आदी गाडीला आंगूळ, मग म्हशीला वैरण, मग माझी चौकशी. बरं हाय, तिसरा का हुईना, नंबर हाय!" अशी बाई. तिला रागावलेली मी कधी पाहिली नाही.

धाकटा भाऊ कृष्णात. त्याचं रान आकारामच्या रानाला लागून. त्यानं पांढरी पिकअप घेतली, कारण त्याला ती आवडली, एवढंच. पण आकारामला वाटलं, सख्ख्या भावानं भर चौकात आपलं नाक कापलं. बोलणं कमी झालं. बंद मात्र झालं ते यात्रेत.

यात्रेला आमच्याकडे बैलगाड्या पळतात, आणि दुसऱ्या दिवशी पिकअपची उलटी शर्यत असते. माळावर पांढऱ्या फक्कीनं नागमोडी वाट आखायची, दोन्ही बाजूंना बांबू रोवायचे, हौद्यात काठोकाठ भरलेलं पाण्याचं पिंप ठेवायचं आणि गाडी रिव्हर्सनं न्यायची. बांबू पडला किंवा पाणी सांडलं की बाद. दोन्ही शोरूमवाले मंडप देतात, टी-शर्ट वाटतात, डिझेल भरून आपापली माणसं उतरवतात. शर्यत माणसांची असते, पण जिंकते ती कंपनी. वर्षभर फ्लेक्सवर तिचंच नाव.

आकारामला तोवर कुणी हरवलं नव्हतं. त्या साली कृष्णातनं हरवलं. शेवटच्या वळणावर आकारामचं पिंप डचमळलं, ओंजळभर पाणी हौद्यात पडलं, आणि पांढऱ्यांनी टोप्या उडवल्या. कुणीतरी ओरडलं, "आप्पा, आता तरी गाडी बदला!"

आकाराम तसाच गाडीतून उतरला आणि खंडोबाच्या देवळात शिरला. मागून अर्धा गाव. त्यानं देवासमोर बेलभंडारा उचलला आणि मोठ्यानं म्हणाला, "माझ्या घरातलं माणूस त्या कंपनीच्या गाडीत पाय ठेवणार न्हाई. ठेवला तर भंडारा मला बाधू दे!"

बेलभंडारा म्हणजे आमच्याकडे कोर्टाच्या वरची गोष्ट. उचललेला शब्द मोडला की तो उचलणाऱ्यावर उलटतो, हे लहान पोरालाही माहीत. निळ्या शोरूमच्या जयराजशेठनं आकारामला तिथल्या तिथं फेटा बांधला. टाळ्या झाल्या. लीलाबाई बायकांत उभी होती. घरातलं माणूस म्हणजे तीच की! तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिनं तो शब्द पाळला. डोक्यावर बाजाराची पाटी घेऊन चालली असताना कृष्णातची गाडी शेजारी येऊन हळू व्हायची. ही हात करायची, "व्हा पुढं भावजी. तुमच्या दादांचा देव लय कडक हाय." आणि हसत चालायला लागायची. मला तेव्हा गंमत वाटायची. गावातल्या सगळ्यांनाच वाटायची.

श्रावण सरताना आल्याच्या रानात तण काढायची भांगलण चालू होती. लीलाबाईच्या पायाला घोणस चावली. आकाराम माल भरून वाशीला निघालेला, गावातल्या बाकीच्या निळ्या गाड्या बाजाराला गेलेल्या. वाट चिखलाची, मोटरसायकल रुतत होती. रुग्णवाहिका लांबच्या गावी गेली होती. कृष्णातची पांढरी मात्र बांधाला उभी होती. त्यानं हौद्याचा मागचा फाळका पाडला, पोतं अंथरलं. लीलाबाई बसेना.

"न्हाई भावजी. त्यांनी घरातल्या समद्यांसाठी उचललाय. मी बसले आन त्यांना बाधला तर? आत्ता घाटात असतील ते, भरलेल्या गाडीत."

"वैनी, देव काय आंधळा हाय व्हय?"

"देवाचं मला म्हाईत न्हाई. मी माझ्या कुकवाला जपती. त्यांना इचारा. ते बस म्हणले तर बसती."

एका शब्दाचं काम होतं. कृष्णातनं भावाला फोन लावला. रिंग गेली, कुणी उचलला नाही. परत लावला, परत लावला. तिचा फोन घरी चार्जिंगला होता. त्यानं तिला उचलून गाडीत घालायचा प्रयत्न केला, तर तिनं विहिरीवरच्या पंपाच्या खोलीचं दार दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पाय सुजून काळानिळा पडला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तरी दार सोडलं नाही. यात बराच वेळ गेला. शेवटी कृष्णातला सुचलं आणि त्यानं मला फोन केला. "मिस्त्री, तुमचा उचलंल तो. लवकर लावा!" त्याचा आवाज फाटला होता.

मी लावला. पहिल्याच रिंगला आकारामनं उचलला.

"बोला मिस्त्री, लायनर आलं का?"

मी सांगितलं. पलीकडे ब्रेक करकचले. मग तो किंचाळला, "बस म्हणावं तिला! उचलून घाला! भंडारा माझ्या बोडक्यावर पडू दे!"

मी कृष्णातला कळवलं. तेव्हा कुठं लीलाबाईनं दार सोडलं. पण गाडी कराडला पोचेपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. डॉक्टर म्हणाले, विष मूत्रपिंडात उतरलंय, लवकर आणायला हवं होतं. आकाराम घाटातून सुखरूप माघारी आला, तिच्या उशाशी बसून राहिला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मला वाटलं होतं, आता तरी गावाला शहाणपण येईल. कसलं काय! दहाव्याला निळ्यांतलेच लोक बोलू लागले, "बाई असावी तर अशी. जीव दिला, पण शब्द दिला न्हाई जाऊ." पुढच्या यात्रेला माळावर कमानीएवढा फ्लेक्स लागला. वर लीलाबाईचा फोटो, खाली निळ्या गाडीचा, मधे अक्षरं: निष्ठेची मूर्ती कै. लीलाबाई स्मृती चषक. सौजन्य जयराजशेठ. तिचा हसरा फोटो त्या बॉनेटच्या वर बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी जयराजशेठला म्हणालो, "काढा तो." तो म्हणाला, "आवं, मान दिलाय आम्ही."

चषक द्यायला आकारामला मंचावर बसवलं. वर्षात माणूस निम्मा झाला होता. गाडी दारात उभी, टायर बसलेले, त्यावर कोंबड्या. कृष्णातनं पांढरी विकून टाकली होती आणि तो यात्रेला आलाच नव्हता. भावाच्या हाका त्याला ऐकू येईनाशा झाल्या होत्या, आणि त्यात मी त्याला दोष देत नाही.

निवेदकानं आकारामच्या हातात माइक दिला. "आप्पा, वैनींच्या निष्ठेबद्दल दोन शब्द."

आकाराम उठला. तो त्या फोटोकडे वळला.

"निष्ठा-बिष्ठा काय न्हाई," तो म्हणाला. "ती भ्याली व्हती. मला कायतरी हुईल म्हणून भ्याली व्हती. फोन वाजत व्हता. कृष्णाताचं नाव दिसत व्हतं मला. म्हणलं, वाजू दे. हरवलंय न्हवं मला, वाजू दे. ती तिकडं दार धरून उभी, आन मी हितं भावाची जिरवत व्हतो. तिला घोणशीनं न्हाई मारलं. मी मारलं."

निवेदकानं घाईनं माइक घेतला आणि म्हणाला, "अतिशय भावपूर्ण मनोगत!" पुढच्या रांगेतून टाळी पडली, मग निळ्यांचा सगळा मंडप टाळ्या वाजवायला लागला. जयराजशेठनं शाल पांघरली.

"टाळ्या कशाला वाजवताय रं?" आकाराम ओरडला. "आरं, टाळ्या कशाला वाजवताय?"

माइक त्याच्याकडे नव्हता. ते फक्त मंचाजवळच्या आम्हा चौघांना ऐकू आलं.