रोसविटाबाईंनी लावलेला आवाज

रोसविटा क्लुगे आमच्या क्लबात आल्या त्या क्लबाचीच किल्ली परत करायला. त्यांचे यजमान लोथार आमचे सभासद होते, फेब्रुवारीत गेले. बाई एक्काहत्तर वर्षांच्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या. साक्सनीच्या डोंगरातल्या आमच्या गावात त्यांना सगळे ओळखत, कारण चौदाव्या किलोमीटरच्या रेल्वे फाटकावर त्यांनी सत्तावीस वर्षं नोकरी केली होती. पुढे लाइन बंद झाली, रूळही उखडले. त्याच लाइनचं छोटं मॉडेल आम्ही दर मंगळवारी जुन्या मालधक्क्यावर जमून उभं करत होतो. गाव, पूल, घाट, आणि बाईंचं फाटकसुद्धा.

किल्ली टेबलावर ठेवून त्या निघाल्या, तेवढ्यात एगोनने नवं इंजिन चालू केलं. एगोन फिंडाइसेन आमचा अध्यक्ष, तंत्रशाळेतला निवृत्त शिक्षक. त्याने इंजिनाच्या पोटात आवाजाचा डिकोडर बसवला होता. नखाएवढी चिप आणि तिला जोडलेला चिमुकला स्पीकर. भकभक करत इंजिन घाट चढू लागलं. आम्ही खूश.

बाई दारातच थांबल्या. "हे कुठलं इंजिन?"

"आपल्याच लाइनवरचं," एगोन म्हणाला.

"मग असं का धापा टाकतंय? चाकाच्या एका फेरीत चार भपकारे पाहिजेत. हे तीनच टाकतंय. आणि घाट चढतंय की सपाटीवर हवा खायला निघालंय, काही कळत नाही."

"बाई, आवाज कंपनीतून भरून आलाय. खऱ्या इंजिनाचं रेकॉर्डिंग आहे."

"असेल कुठल्यातरी इंजिनाचं. आमच्या नाही."

कोणीतरी हसलं. एगोनचे कान लाल झाले. "मग तुम्हीच लावून दाखवा. फक्त एक सांगतो, डिकोडरला आकडे कळतात, आठवणी कळत नाहीत."

बाईंनी कोट काढून खुंटीला लावला. "कुठले आकडे?"

शिकवायचं काम माझ्याकडे आलं. डिकोडरात शेकडो खाने असतात आणि प्रत्येक खान्यात एक आकडा. भपकाऱ्यांमधलं अंतर एका खान्यात, शिट्टी किती मोठी ते दुसऱ्यात, ओझं ओढताना आवाज किती चढवायचा ते तिसऱ्यात. रुळाच्या सुट्या तुकड्यावर इंजिन ठेवायचं, संगणकावरून आकडा पाठवायचा, ऐकायचं, पुन्हा बदलायचं. मला वाटलं, दोन मंगळवारांत कंटाळतील. त्यांनी तिसऱ्या मंगळवारी चार भपकारे जुळवले. चाकावर खडूचा ठिपका काढला होता आणि तो वर आला की बोटाने टेबल वाजवत होत्या.

मे महिन्यात घोटाळा झाला. एक आकडा चुकीच्या खान्यात गेला आणि इंजिन मुकं झालं, हलेनासं झालं. उपाय एकच होता, आठव्या खान्यात आठ लिहायचं. त्याने इंजिन जागं झालं, पण सगळे आकडे कारखान्यातून आले तसे झाले. अकरा आठवड्यांची मेहनत गेली.

"आता सोडा बाई," एगोन म्हणाला. या वेळी टोमणा नव्हता.

"का? गेले ते आकडे. कान माझ्याकडेच आहेत."

सहा आठवड्यांत त्यांनी पहिल्यापेक्षा सरस लावलं. घाटात भपकारे जड होत जायचे. माथ्यावर वाफ तोडली की ते एकदम थांबायचे आणि उतारावर नुसती दांड्यांची किणकिण उरायची. मग त्या म्हणाल्या, "दर चौथा भपकारा थोडा दबका हवा."

"म्हणजे मुद्दाम बिघडवायचं?" मी विचारलं.

"ते होतंच तसं. धुक्यात मला इंजिन दिसायचं नाही. त्या चौथ्यावरून मी ओळखायचे कोण येतंय ते."

मी संगणकात चौथ्या भपकाऱ्याचा आवाज कमी करत गेलो. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. अठराव्या खेपेला म्हणाल्या, "हं. आली."

ऑक्टोबरात केम्निट्झला प्रदर्शन होतं. बत्तीस क्लब आले होते. दुपारी एका बाईने आपल्या वडिलांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. हार्टविग उलिग, शहाऐंशी वर्षांचे, आमच्याच लाइनवरचे इंजिन ड्रायव्हर. त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. गाडी घाटाला लागली आणि त्यांनी मुलीला गप्प केलं.

"ही लंगडी आहे," ते म्हणाले.

"कोण लंगडी, बाबा?"

"अगं, आमची लंगडी. पाच वर्षं चालवली मी तिला. डावा व्हॉल्व्ह कधी धड झालाच नाही." त्यांचा हात हवेत वर गेला. "आता माथा येईल. आता... वाफ बंद."

त्यांनी हात खाली ओढला आणि त्याच क्षणी भपकारे थांबले. मग त्यांनी मान आमच्याकडे वळवली.

"कोणी लावलंय हे?"

"मी," रोसविटाबाई म्हणाल्या. "चौदाव्या किलोमीटरवरची."

"फाटकवाली? माझी गाडी येताना फाटक कधी उघडं नव्हतं."

"तुमची गाडी मला तीन किलोमीटरवरून कळायची."

म्हाताऱ्याने त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. संध्याकाळी आवाजासाठीचं पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं, तेही पाचही परीक्षकांच्या एकमताने. एगोनने माइक हातात घेतला आणि जमलेल्या सगळ्यांसमोर सांगितलं, "मी या बाईंना टोमणा मारला होता. चूक माझी." मग बिअरचे दोन ग्लास आणून तो अवघडून म्हणाला, "आजपासून अहो-जाहो नको. मी एगोन."

"आठ महिने लागले तुला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ग्लासाला ग्लास लावला.

आता दर आठवड्याला त्यांच्या नावाने, आवाज लावून द्या म्हणून, इंजिनांची पार्सलं येतात, परवा तर ऑस्ट्रियाहून आलं. रोस्टॉकच्या एका गृहस्थाने लिहिलं, सगळे आकडे पाठवा, मी स्वतः भरीन. बाईंनी सगळी यादी पाठवली आणि खाली लिहिलं, 'हे आमच्या घाटाचे आकडे आहेत. तुमचं इंजिन कुठे चालायचं ते आधी सांगा.' पुढच्या मंगळवारी तो गृहस्थ पाचशे किलोमीटर गाडी हाकत, शेजारच्या सीटवर इंजिनाचा डबा पट्ट्याने बांधून, आमच्या दारात हजर झाला.