जानकीबाईची सावड

जानकीचं बालपण अर्धं धारूरच्या डोंगरात गेलं आणि अर्धं परमुलखातल्या उसात. दिवाळी झाली की तिचे आईबाप मुकादमाच्या ट्रकमध्ये चढायचे. मागं बोचकी, भांडी, शेळी आणि पोरं. कधी कोल्हापूरकडं, कधी पार कर्नाटकात. गेल्या गेल्या पाचटाची कोपी उभी राहायची, तीन दगडांची चूल पेटायची. मग आई शेजारच्या कोपीत जाऊन विस्तव मागून आणायची.

"कावून गं आई? आपल्याकडं काडेपेटी हाय की," जानकी विचारायची.

"त्याबिगर शेजारीण कशी कळंल?" आई म्हणायची.

जानकीचं लग्न युसूफ वडगावच्या उत्तरेश्वरशी झालं. तो सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होता. उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरायचा, हे त्याचं काम. काचेच्या पट्टीवर थेंबभर पाक घेऊन तो उजेडाकडं धरायचा आणि दाणा आला की नाही, हे एका नजरेत सांगायचा. सोयरीक ठरताना जानकीच्या बापानं, धुळाजीनं, त्याच्याकडं एकच गोष्ट मागितली होती. "पाव्हणं, माझ्या लेकीला उसाच्या फडात धाडू नका. आमच्या दोघांची जिंदगी त्यात गेली." उत्तरेश्वरनं सासऱ्याच्या पायाला हात लावून शब्द दिला, आणि वीस वर्षं पाळला.

दोन हजार बाराला पाऊस आलाच नाही. जिल्ह्यातला ऊस उभ्या उभ्या वाळला, नाहीतर चारा छावणीत जनावरांपुढं गेला. कारखान्याचा हंगाम कसाबसा महिनाभर चालला आणि भोंगा बंद झाला. पुढच्या वर्षाचं कुणीच काही सांगेना. त्याच उन्हाळ्यात कारखान्याच्या जुन्या केमिस्टसाहेबांचा फोन आला. ते आता आफ्रिकेत, केनियाच्या पश्चिमेकडच्या एका साखर कारखान्यात होते. त्यांना हाताखाली जाणता पॅनमन हवा होता.

"मी एकटाच जातो," उत्तरेश्वर म्हणाला. "दोन-तीन वर्सं काढतो. तू हितं आईपाशी राहा."

त्याची आई चंद्रभागाबाई थोरल्या मुलाकडं, शहादेवकडं, गावातच होती. जानकीची लेक अंबाजोगाईला नर्सिंगला, होस्टेलवर. जानकीनं हातातलं काम ठेवलं. "ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणत्यात. अर्धा कोयता कुनी मुकादम सुखासुखी घेत न्हाई. चाललात तर मलाबी घेऊन चला."

चंद्रभागाबाईंनीच निकाल दिला. "ने बाबा तिला. तुला चहाबी धड येत न्हाई."

*

कारखान्याच्या कॉलनीत त्यांना दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. वर पत्रे, मागं थोडी पडीक जागा, आणि तारेच्या कुंपणापलीकडं नजर पोचेल तिथवर ऊस. हिरवागार, डोक्यापेक्षा उंच. रोज दुपारी तीन-चारला आभाळ भरून यायचं आणि पत्र्यांवर पाऊस कोसळायचा. पहिल्या आठवड्यात जानकी पाऊस लागला रे लागला की बादल्या, पातेली, परात, सगळं अंगणात मांडायची. घरात नळ होता, चोवीस तास पाणी होतं. पण हात ऐकत नव्हते.

उत्तरेश्वर मात्र त्या पावसाकडं पाठ करून बसायचा. एकदा म्हणाला, "बघवत न्हाई. हितं गटारीनं चाललंय आन तिकडं आई टँकरपुढं घागर घेऊन हुबी हाय."

कामावरही त्याचं मन लागेना. रस आटवायचा पॅन नवा, मीटर नवे, आणि सोबतची माणसं स्वाहिली बोलणारी. त्याचा पहिलाच दाणा बारीक आला. कुणी काही बोललं नाही, पण तो घरी आला तो जेवलाच नाही. जेवायला तरी काय होतं! मक्याचं पीठ आणि मैदा. ज्वारी मिळायची, पण लालसर आणि तुरट. तिची भाकरी थापताना चिरत जायची, तव्यावर टाकली की तुकडे व्हायचे.

कॉलनीत बाकीची आठ-दहा घरं भारतीय माणसांचीच होती, इंजिनिअर आणि अकाउंटवाल्यांची. जानकी एका घरी मीठ मागायला गेली. जाळीच्या दाराआडून बाईनं पुडा दिला, हसली, इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि दार लावून घेतलं. जानकी पुडा घेऊन परत आली. घरात मीठ होतंच.

मग ती सकाळची कामं आटोपून कुंपणापाशी उभी राहू लागली. पलीकडं बायकांची टोळी लांब दांड्याच्या कुदळींनी उसातलं तण काढायची. त्यांच्यात एक उंच, थोराड बाई होती. तिचं नाव नफुला. तीन दिवस तिनं जानकीला नुसतं पाहिलं. चौथ्या दिवशी तारेपाशी येऊन तिनं हसत कुदळ पुढं केली: घेतेस?

नफुलाला वाटलं असेल, साहेबाची बायको लाजेल आणि पळेल. जानकीनं पदर खोचला, तारेखालून वाकून पलीकडं गेली आणि कुदळ घेतली. पहिले दोन घाव वेडेवाकडे पडले. मग कंबरेला आपसूक आठवलं. उसाच्या बुडाला धक्का न लावता ती तण उपसत गेली, आणि सरी संपली तेव्हा मागं सगळ्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. एक जण मोठ्यानं ओरडली, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशीही ती गेली. तिसऱ्याही. नफुला एकेक वस्तू दाखवून नाव सांगायची. ऊस म्हणजे मिवा. साखर म्हणजे सुकारी. चहाला चायच म्हणतात आणि चपातीला चपातीच, हे कळलं तेव्हा जानकी हसून हसून खाली बसली. नफुलाच्या नावाचा अर्थही तिला खाणाखुणांनी समजला: पावसाळ्यात जन्मलेली. तिच्या धाकट्या बहिणीचं नाव नासिमियू, म्हणजे कोरड्या दिवसांत जन्मलेली.

"मंग आमच्याकडल्या समद्या पोरी नासिमियूच!" जानकी मराठीत म्हणाली. शब्द कुणाला कळले नाहीत, पण नाव ऐकून सगळ्या हसल्या.

आठ-दहा दिवसांनी उत्तरेश्वरच्या नजरेला तिच्या तळहाताचे फोड पडले. त्यानं हात धरून उजेडात पाहिला, जसा तो पाक बघायचा.

"फडात गेलतीस?"

"गेलते."

त्यानं फोडांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "तुझ्या बापाला शब्द दिलता मी. त्यो आता न्हाई, पर शब्द हाय ना? वीस वर्सांत तुला कोयत्याला हात लावू दिला न्हाई. आन हितं येऊन..."

जानकीनं हात सोडवून घेतला नाही. "बापाला शब्द दिलता. लई चांगलं केलंत. पर मला कुनी इचारलं व्हतं का? आवं, माझी आई पोटासाठी जायची. मी तशी गेले न्हाई. तिथं बायका हायत्या, म्हनून गेले. ह्या घरात दिसभर माझ्याशी बोलाया कोन हाय? तुमीबी बोलत न्हाई."

शेवटचं वाक्य त्याला लागलं. तो उठून मोरीत गेला, तोंड धुतलं, परत आला आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन तिच्या हाताला तेल चोळत बसला. जा, असं तो म्हणाला नाही. जाऊ नको, असंही म्हणाला नाही.

नफुलाच्या टोळीची एक रीत होती. रविवारी चर्च झालं की सगळ्या मिळून एकीच्या शेतात राबायच्या. पुढच्या रविवारी दुसरीच्या. जानकीला हे समजवावं लागलंच नाही. माहेरी धारूरच्या डोंगरातही असंच चालायचं, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. आपल्याकडं त्याला सावड म्हणतात. ती नासिमियूच्या मक्यात गेली, टोळीतल्याच नेलिमाच्या घेवड्यात गेली. नेलिमानं तिला ज्वारीच्या भाकरीची युक्तीही दिली. साबुदाणा ज्या कंदाचा करतात, त्या कंदाचं मूठभर पीठ लाल ज्वारीत मिसळायचं. भाकरी थापली, उचलली, तव्यावर टाकली, आणि ती फुगली. त्या दिवशी उत्तरेश्वरनं चार भाकरी खाल्ल्या. पाचवी मागताना विचारलं, "कुनी शिकिवलं?"

"नेलिमानं."

"नीलिमा? आपल्याकडली हाय का कुनी?"

"न्हाई. पर हाय म्हना आपलीच."

मग एका रविवारी जानकीची पाळी आली. तिच्याकडं शेत कुठलं? पण बायकांनी ठरवून टाकलं होतं: क्वार्टरमागची पडीक जागा. खांद्यावर कुदळी टाकून त्या कॉलनीच्या फाटकापाशी आल्या आणि पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं. फडातल्या बायकांना आत सोडायचा हुकूम नव्हता. आवाज चढले. जाळीच्या दारांमागं माणसं येऊन उभी राहिली. जानकी धावत फाटकाशी आली, पण तिचं कोण ऐकणार!

नेमका त्याच वेळी उत्तरेश्वर पाळी संपवून परतत होता. अंगावर कारखान्याचा गणवेश, डोळ्यांत झोप. त्यानं फाटकाबाहेरच्या बायका पाहिल्या, कुदळी पाहिल्या, आतून गजांना धरून उभी असलेली बायको पाहिली. जानकीला वाटलं, आता हे म्हणतील, घरी चल.

उत्तरेश्वर पहारेकऱ्यापुढं जाऊन उभा राहिला. स्वाहिली सुचेना, इंग्रजी येईना. मग मोठ्यानं मराठीतच म्हणाला, "पाव्हण्या हायत्या. आमच्या घरी आल्यात. फाटक उघड."

पहारेकऱ्याला अक्षर कळलं नाही. पण हा शांत माणूस आजवर कधी मोठ्यानं बोलला नव्हता. त्यानं फाटक उघडलं.

आत आल्यावर उत्तरेश्वरनं सदरा काढून खुंटीला अडकवला, एक कुदळ उचलली आणि बायकांच्या रांगेत शेवटी उभा राहिला. पॅनवर आयुष्य काढलेला माणूस! दहाव्या घावाला कुदळ हातातून निसटली आणि तो स्वतःच चिखलात बसला. नफुलानं दोन्ही हातांनी त्याला उचललं, पोतं उचलावं तसं. मग उत्तरेश्वर हसला. वडगाव सोडल्यापासून जानकीनं त्याला असं पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसत होता, आणि त्यातलं थोडं पाणी निव्वळ हसण्याचं नव्हतं, हे फक्त तिलाच कळलं.

दुपारी पावसाच्या आत जमीन तयार झाली. त्यांनी लाल ज्वारी पेरली. कणसं भरली तेव्हा पाखरांचे थवे उतरले. जानकीनं सुती दोरीची गोफण वळली आणि मातीचे गोळे भिरकावू लागली. आवाज ऐकून मिठाचा पुडा देणारी बाई पहिल्यांदा जाळीच्या बाहेर आली. तिचं नाव कल्याणी. माहेर आंध्रातलं, शेतकऱ्याघरचं. "मलाही द्या की," ती हिंदीत म्हणाली. तिचा नेम जानकीपेक्षा सरस निघाला.

उत्तरेश्वरचा दाणाही हळूहळू जमला. हाताखालच्या माणसांना तो काचेची पट्टी उजेडात धरायला शिकवायचा, आणि ती त्याला आकडे शिकवायची. फोनवर आई विचारायची, "पाऊस हाय का रं तिकडं?" आधी तो लाजून विषय बदलायचा. आता म्हणायचा, "हाय. लई हाय. ऐक." आणि फोन खिडकीबाहेर धरायचा. तिकडं म्हातारी पलंगावर बसून, डोळे मिटून ऐकत राहायची.

दोन हजार सोळाच्या भादव्यात मराठवाड्यात एकदाचा पाऊस झाला. मांजरा धरणात पाणी आलं. शेतकऱ्यांनी ऊस लावला, आणि कारखान्यातून विचारणा झाली, उत्तरेश्वर परत येतो का. त्यांनी आठवडाभर विचार केला. जायचं ठरलं तेव्हा दोघंही खुश नव्हते, आणि याचं दोघांनाही नवल वाटलं.

घरी आल्यावर चंद्रभागाबाईंनी सुनेला शेजारी बसवलं, तिचे खरबरीत झालेले हात आपल्या हातात घेतले. "साडेतीन वर्सं काढलीस बाई. त्या मुलखात तुमचं व्हतं तरी कोन?"

जानकी सांगू लागली. नफुला. तिची बहीण नासिमियू. नेलिमा. कल्याणी. नेकेसा, तिला जुळे झाले. मग ती अडली. एक नाव ओठांवर येईना.

"नांजाला," बाजेवर पडलेला उत्तरेश्वर म्हणाला. "डाव्या हाताची. आन तिची सून, नालियाका."

म्हातारीनं ती दोन्ही नावं हळूच म्हणून पाहिली.