सुलोचनाबाईंचं वाळवण

सुलोचनाबाईंना एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. सारा जन्म करडी गावात गेला, धान रोवण्यात आणि वाळवण्यात. त्यांच्या मुलाची, कमलेशची, शर्यतीची मोटारसायकल मी सांभाळतो. पण बाई सोबत आल्या की गाडीपेक्षा त्यांनाच जास्त सांभाळावं लागतं.

त्या दिवशी मोहाडीजवळच्या कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांमध्ये शर्यत होती. सकाळची फेरी मारून कमलेश आला तो घामानं निथळत. अंतिम फेरी चारला, आणि अंगावर चढवायचा जोड एकच. गेल्या वर्षी ओल्या हातमोज्यात त्याची मूठ सटकली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून वाळवायचं काम बाईंनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

चिंचेखाली जाकीट, बूट, हातमोजे मांडले. ओल ओढायला बुटांत कोंड्याची पुरचुंडी कोंबली. मग येरझाऱ्या सुरू. पसरलेलं धान पायानं फिरवावं तसं दर पाच मिनिटांनी सगळं उलटंपालटं! बघूनच जीव दमायचा.

"उन्हात टाक ना माय, झटक्यात वाळते," कमलेश म्हणाला.

"कडक उन्हात धान फुटते, कनी होते. हे त चामडं हाय. सावलीतच वाळू दे."

पण पोरगं त्यांचंच, त्याला तरी दम कुठला! बाई पाणी प्यायला वळल्या आणि यानं हातमोजे आमच्या टेम्पोच्या तापलेल्या टपावर टाकले. तासाभरात ते पापडासारखे कडक झाले. क्लचवर बोटं वळेनात, आणि हातमोज्यांशिवाय पंच उभंही करत नाहीत.

"काहून रे, अक्कल गहाण ठेवली का?" बाई कडाडल्या.

मला वाटलं, आता मोजे भिरकावून पोराला घरी नेतील. खरं सांगतो, मलाही बरंच वाटलं असतं. पण त्यांनी ते स्वतःच्या हातांत चढवले आणि मुठी वळू लागल्या. उघड, मीट. उघड, मीट. चामडं हळूहळू नरमलं. नजर मात्र सकाळी दोन स्वार जिथं आपटले त्या वळणावर.

पुकारा झाला. कमलेशनं मोजे घातले आणि थबकला.

"माय, आतून ओले झाले. भेवून राहिली का तू?"

"मी? मी कायले भेवू? ऊन लागून राहिलं मले."

त्यांच्याच पदराचं टोक आत घालून त्यानं मोजे बोट न् बोट पुसले, चढवले आणि गेला.

सकाळपासून बाईंनी चिंचेची सावली सोडली नव्हती.