देवमाशांचा जुना आकडा

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी देवमासे मागितले तेव्हा सरांनी चष्मा काढून विचारलं, "औरंगाबादेत समुद्र कुठल्या बाजूला आहे?" वर्ग हसला. मी हसले नाही. लहानपणापासून मला हट्टी म्हणतात आणि ते खोटं नाही. शेवटी सर म्हणाले, "सोमवारी सेमिनार द्या. पटलं तर विषय मंजूर. नाहीतर गुपचूप खाम नदीतले मासे घ्या."

विषय तसा साधा होता. शिकारी गलबतांनी पिढ्यान्‌पिढ्या देवमासे मारले आणि आता दरसाल किती मारू द्यायचे यावर देशादेशांत भांडण लागलेलं. पूर्वी थोडेच होते असं धरलं तर आज फारसे घटलेले नाहीत, शिकार चालू द्या. पूर्वी अफाट होते असं धरलं तर हात आवरा. सगळं अडलेलं त्या जुन्या आकड्यावर, आणि तो कुणी मोजलेलाच नव्हता. गलबतांच्या वह्यांत मारलेल्या माशांच्या तेलाची पिंपं लिहिलेली होती. भाला लागून निसटलेला आणि पुढं कुठंतरी मेलेला मासा वहीत नव्हता. त्याला हिशेबात धरल्याशिवाय कसला आलाय आकडा, असं मला वाटायचं.

रविवारी फुलंब्रीजवळ आमच्या गावी गेले. वडील मेंढरं राखायचे. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत, मोजली की नजर लागते. संध्याकाळी कळप आला की वडील नुसते बघायचे आणि कुठली मागं राहिली ते सांगायचे. त्यांना मी विचारलं, "आज्याची मेंढरं किती होती?"

"मोजायची असत्यात व्हय ती?" ते करवादले. मग जरा वेळानं म्हणाले, "पाटलाच्या वावरात लेंडीखतासाठी रोज रातीला नव्या जागी आपली मेंढरं बसत्यात नव्हं? आज्याच्या वक्ताला दोन मुक्कामात समदं वावर व्हायचं. तेच वावर, आता मला सहा मुक्काम लागत्यात."

म्हणजे आज्याचा कळप तिप्पट. वाळूजकडची कुरणं कंपन्यांच्या कुंपणात गेली तसा कळप आटला, हे मला माहीत होतं. पण किती आटला ते एकही मेंढरू न मोजता कळलं होतं. मला लई आनंद झाला.

सोमवारी विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळं एस.टी. बंद होती. "आज ऱ्हाऊ दे, पोरी," वडील म्हणाले. मी ट्रॅक्टरवर बसून हर्सूलपर्यंत आले आणि तिथून विद्यापीठापर्यंत पायी. वर्गात शिरले तेव्हा पाय धुळीनं माखलेले होते.

मी वावराचं उदाहरण दिलं: न मोजताही मागं राहिलेल्या खुणांवरून जुना आकडा काढता येतो. सरांनी लगेच पकडलं. "तेव्हा मेंढ्या विरळ बसत असतील तर? मग कमी मेंढ्यांतही वावर लवकर उरकेल."

हे वडिलांना विचारायचं राहूनच गेलं होतं. मी तसं कबूल केलं. "म्हणून एकच आकडा सांगता येत नाही, सर. इतके ते इतके असा अंदाज देता येतो. पण फक्त वहीतलं धरलं तर आकडा नक्कीच कमी येतो."

"ज्याची नोंद नाही, ते शास्त्रात नाही," सरांनी पेनाला टोपण लावलं. "खाम नदी घ्या."

तेवढ्यात माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण उभी राहिली. वर्गात ती कधी तोंड उघडायची नाही. "सर, नामांतराच्या दंगलीत आमचं घर जाळलं. पंचनाम्यात चार भिंती आन पत्रे लिहिले. आत काय होतं ते कुणी लिहिलं नाय. मंग आत काय नव्हतंच का?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या विषयाच्या अर्जावर सही केली. "प्रत्येक आकड्याआधी 'किमान' लिहा," एवढंच म्हणाले.

विषय मिळाला आणि मी जिंकले. तरी वसतिगृहाकडं तिच्यासोबत चालताना माझी मलाच लाज वाटत होती. वर्षभर आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. मेलेल्या माशांचा माग काढायला मी उन्हातून चालत आले होते, आणि हिला एका शब्दानं कधी काही विचारलं नव्हतं.

खोलीवर गेल्यावर मी वही उघडली आणि विचारलं, "घरात काय काय होतं?"

"ज्वारीची कणगी," ती म्हणाली. "आज्जीचा पेटारा. माझी सातवीपर्यंतची समदी पुस्तकं." ती सांगत गेली, मी लिहीत गेले. जेवणाची घंटा झाली तरी यादी संपली नव्हती.