दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

अमेरिकेतल्या डेटन शहराच्या पश्चिम भागात क्लीओफस प्रॅटचं तळघर ठाऊक नसलेला माणूस त्या काळी शोधूनही सापडला नसता. शनिवारी वर स्वयंपाकघरात त्याची बायको अर्नेस्टीन कॅटफिश तळायची आणि खाली फंक संगीत सुरू व्हायचं. बासचा ठेका लागला की कारखान्यात आठवडाभर पिचलेली माणसं अशी काही नाचायची, की शेजारच्या पाद्रीबाबांच्या खिडक्या थरथरायच्या. क्लीओफस मात्र रेकॉर्ड प्लेयरमागून हलत नसे. त्याच्या रेकॉर्डला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती, बायकोचीही नाही.

"माझा नवरा रेकॉर्ड नवजात बाळासारखी धरतो," अर्नेस्टीन चारचौघांत सांगायची, "आणि बाळ मात्र माझ्याकडे देतो." सगळे हसायचे. तोही हसायचा.

कारखाना बंद पडला, मित्र एकेक करून गेले, आणि गेल्या हिवाळ्यात अर्नेस्टीनही गेली. आता घर विकून मुलीकडे, डेनीसकडे राहायला जायचं ठरलं होतं. तिच्या दोन खोल्यांत रेकॉर्डचा एकच खोका मावणार होता. म्हणून क्लीओफस गेले काही दिवस तळघरात बसून एकेक अल्बम ऐकत होता आणि कुठला ठेवायचा, कुठला द्यायचा ते ठरवत होता.

त्या दुपारी त्याने सगळ्यांत लाडका अल्बम काढला. पहिली बाजू पार झिजली होती. झिजणारच, दर शनिवारी तीच लागायची. दुसऱ्या बाजूला शेवटी एक संथ, जोडप्यांनी नाचायचं गाणं होतं. ते त्याने कधीच लावलं नव्हतं. निदान ही बाजू कोरी असेल म्हणून त्याने पिन टेकवली. आधीची गाणी स्वच्छ वाजली. शेवटचं मात्र नुसतं खरखरत होतं, गाणाऱ्याचा आवाज त्यातून कसाबसा वर येत होता.

"डेनीस!" तो ओरडला. "माझ्या रेकॉर्डला कोण हात लावत होतं?"

वर सामान बांधत असलेली डेनीस जिना उतरून आली. गाणं ऐकलं आणि खालच्याच पायरीवर बसली.

"मम्मा," ती म्हणाली. "तू दुपारपाळीला गेलास की ती हेच लावायची. मला तिच्या पावलांवर उभं करायची आणि आम्ही दोघी डुलायचो. 'डॅडीला सांगशील तर बघ,' म्हणायची. मग रेकॉर्ड पुसून जागच्या जागी ठेवायची."

"मला सांगायचं नाही का तिने? मी काय खाल्लं असतं तिला?"

"सांगत नव्हती? दर शनिवारी एप्रन काढून खाली यायची आणि म्हणायची, 'क्लीओ, आता बाजू बदल ना.' आणि तू काय म्हणायचास?"

त्याला आठवलं. लोक नाचताहेत, अर्नेस्टीन, मध्येच कुठे मोडता घालतेस? असं तो म्हणायचा, आणि ती ताटल्या गोळा करून वर निघून जायची.

"तिला वाटायचं, तुला तिच्यापेक्षा या तबकड्याच जास्त," डेनीस म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

पंचेचाळीस वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते मग क्लीओफसच्या तोंडून निघालं.

"मला नाचता येत नाही गं. अख्ख्या मोहल्ल्याला नाचवलं, पण मला एक पाऊल टाकता येत नाही. लग्नाआधीपासून नाही. म्हणून तर या यंत्रामागे उभा राहायचो. तुझ्या मम्माला कळलं तर हसेल, अशी भीती वाटायची."

डेनीसचे डोळे भरून आले.

"डॅडी, या गाण्याला नाचायचं कुठे असतं? नुसतं धरून उभं राहायचं असतं."